पेठेतला कल आणि मतदानाचा टक्का : आपले अनुभव लिहा

जुना पेठकर
घर आवरताना पुण्यातल्या कसबा मतदारसंघाच्या २०२३ च्या विधानसभा पोटनिवडणुकीच्या मतदार-चिठ्ठ्या हाती लागल्या. आमच्या पत्त्यावर पाच नावे आहेत. त्यांतले तिघे कोथरूड आणि वाकडला जाऊन जमाना झाला आणि २६ फेब्रुवारीला त्यांपैकी कोणीही फिरकले नाही. १९९५ पासून भाजपचे गिरीश बापट सलग पाच वेळा आणि २०१९ मध्ये भाजपच्याच मुक्ता टिळक निवडून आल्यामुळे, आपण नाही गेलो तरी कसब्यात कमळच, ही खात्री घरोघरी होती. प्रत्यक्षात मतदान जेमतेम निम्मे झाले आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर निवडून आले. माझ्या मते पेठ बदलली नव्हती, पेठ घरी बसली होती. आपापल्या भागातले अनुभव अवश्य लिहावेत.

तांबट आळी
हे निदान मला अर्धवट वाटते, कारण २०१९ मध्येही टक्का फारसा निराळा नव्हता आणि तरीही भाजप आरामात जिंकला होता. धंगेकर २००९ मध्ये मनसेकडून बापटांशी चुरशीने लढले होते. तेव्हा विरोधी मते मनसे आणि काँग्रेसमध्ये विभागली गेली, तर २०२३ मध्ये ती एकवटली. शिवाय सदाशिव-नारायण म्हणजेच कसबा, असे धरून चालणाऱ्यांना रविवार पेठ आणि गंज पेठ आठवत नाहीत. प्रचारात भाजपच्या चंद्रकांत पाटलांनी विचारलेला 'हू इज धंगेकर' हा प्रश्न आमच्या आळीत कोणालाच पडला नव्हता.

जुना पेठकर
मान्य, पण २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये पोटनिवडणुकीत हरलेल्या भाजपच्या त्याच हेमंत रासने यांनी त्याच धंगेकरांना हरवले आणि त्या वेळी टक्का पोटनिवडणुकीपेक्षा बराच वर गेला होता, याचेही उत्तर द्यावे.

शनिवारची सून
कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये लिहीत आहे. पोटनिवडणुकीत बापट नाकाला ऑक्सिजनची नळी लावून चाकाच्या खुर्चीतून केसरीवाड्यात आले, ते पाहून आमच्या सासूबाई दिवसभर जेवल्या नव्हत्या. २०२४ च्या लोकसभेला पंचाऐंशीच्या वरच्यांसाठी घरून मतदानाची सोय झाली, तेव्हा कर्मचारी आमच्या दिवाणखान्यात आडोसा उभा करून, मतपत्रिका लिफाफ्यात बंद करून गेले. सर्व रीतसर झाले, तरी सासूबाई नाराजच होत्या. "केंद्रावर गेले नाही, तर कोण आलं नाही ते मला कळणार कसं?" असे त्यांचे म्हणणे होते.

टेबलावरचा कार्यकर्ता
पक्ष सांगत नाही, सर्वांची रीत एकच आहे. मतदान केंद्रापासून ठरावीक अंतरावर टेबल मांडून यादीत खुणा करत बसायचे आणि दुपारी ऊन कलले की खूण नसलेल्या नावांना फोन लावायचे. कोणत्या वाड्याचा कल कुठे आहे हे आम्हाला आधीच ठाऊक असते. जिथे आग्रहाने चहा पाजतात आणि "तुम्हालाच हो" म्हणतात, तिथले मत हमखास दुसरीकडे जाते. आपला माणूस चहा विचारत नाही, उलट तुंबलेल्या ड्रेनेजवरून चार शब्द सुनावतो. खरी अडचण अशी की निम्मे फोन हिंजवडी, बाणेर किंवा अमेरिकेत वाजतात.

शनिवारची सून
ड्रेनेजचे आमच्याच वाड्याचे लिहिले आहे की काय!

चार बटणे
महापालिकेचा अनुभव वेगळाच आहे. प्रभाग चार सदस्यांचा असल्याने अ, ब, क, ड अशी चार मते द्यावी लागतात आणि चारही दिल्याशिवाय मतदान पूर्ण होत नाही. २०१७ मध्ये माझ्या पुढचे आजोबा एकच बटण दाबून निघाले होते, त्यांना परत बोलवावे लागले. उरलेल्या ठिकाणी कोणी पसंत नसेल तर 'नोटा' दाबावे, हे त्यांना समजावण्यात रांग खोळंबली. नंतर जवळजवळ नऊ वर्षांनी, १५ जानेवारी २०२६ ला, पुन्हा योग आला. विधानसभेला डोळे मिटून एकाच चिन्हावर मत देणारे आमचे शेजारी इथे मात्र तीन मते पक्षाला आणि एक गल्लीतल्या ओळखीच्या उमेदवाराला देतात. तेव्हा पेठेचा कल कोणता म्हणायचा?

यादीबाह्य
घरी बसलेल्यांना सरसकट दोष देऊ नये. २०१४ च्या लोकसभेला पुण्यात असंख्य मतदारांची नावे गायब होती, त्यांत माझेही होते. आदल्या विधानसभेला त्याच शाळेत, त्याच खोलीत मी मत दिले होते आणि ओळखपत्रही हातात होते, पण यादीत नाव नाही म्हटल्यावर परत फिरावे लागले. तेव्हापासून मी निवडणूक जाहीर होण्यापूर्वीच यादी तपासतो.

वाकडवासी
वर उल्लेखलेल्या तिघांपैकीच मी एक, असे समजा. आईचे घर पेठेत असल्याने नाव हलवायला मन होत नाही आणि मतदानाच्या दिवशी पूल ओलांडून यायचा कंटाळाही येतो. हलवायचेच ठरवले, तर जुने नाव आधी वगळून घ्यावे लागते का?

यादीबाह्य
नाही. स्थलांतरासाठी नमुना ८ पुरेसा आहे आणि तो ऑनलाइन भरता येतो. नमुना ६ भरू नका, तो नव्या मतदारांसाठी आहे.

टेबलावरचा कार्यकर्ता
वाकडवासी, अर्ज भरलात की कळवा, म्हणजे तुमच्या नावापुढचा फोन मला लावावा लागणार नाही.