स्टॅफर्ड क्रिप्स: माणूस घरावरून ओळखायचा की वकीलपत्रावरून?

माळरान (धागाकर्ता):
आपल्याकडे ब्रिटिश मंत्री क्रिप्स म्हटले की १९४२ ची, युद्धानंतरच्या स्वराज्याची फसलेली योजना. शाळेत दोन गुणांचे उत्तर लिहिले आणि विषय मिटला. मला वाटते, या माणसावर आपण अन्याय करतो.

वडील चार्ल्स क्रिप्स नामांकित बॅरिस्टर, हुजूर पक्षाचे खासदार, १९१४ पासून लॉर्ड पारमूर. आणि उतारवयात मजूर पक्षाच्या सरकारात मंत्री! आई थेरेसा ही समाजवादी विचारवंत बिअ‍ॅट्रिस वेब यांची सख्खी बहीण. स्टॅफर्ड चार वर्षांचा असताना ती गेली. मुलांना साधेपणाने वाढवा, थाटामाटाचा वारा लागू देऊ नका, असे नवऱ्याला लिहून ठेवून गेली. मुलगा रसायनशास्त्र शिकला, १९१३ मध्ये लंडनच्या मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेतून बॅरिस्टर झाला, पेटंटच्या दाव्यांत गाजला आणि १९२७ मध्ये किंग्ज कौन्सेल, म्हणजे मानाचा ज्येष्ठ वकील.

१९३४ मध्ये वेल्समधल्या ग्रेसफर्डच्या कोळसा खाणीत स्फोट होऊन २६६ माणसे मेली. चौकशीत खाणकामगारांच्या बाजूने क्रिप्स उभे राहिले, एक पेनीही न घेता. बड्या कंपन्या ज्याच्या दारात उभ्या असत, त्याने हे केले. आईचे पत्र इथे मला दिसते.

काळाकातळ:
साफ असहमत. फुकट लढणे त्यांना परवडत होते, एवढाच त्याचा अर्थ. स्वतःची वकिली जोरात, आणि पत्नी इसोबेल या जेम्स क्रॉसली इनो यांची नात. तोच इनो, जो आपण ढोकळ्यात घालतो. फ्रूट सॉल्टचा पैसा पाठीशी असताना १९३९ मध्ये त्यांच्या मजूर पक्षाने काढून टाकले तरी चूल विझणार नव्हती. त्याच वर्षी पक्षाचे खासदार बेव्हनही काढले गेले, ते खाणीत राबून वर आलेले. धाडस कोणाचे मोठे?

आणि ग्रेसफर्डचे पुढे काय झाले? नोंदी नीट न ठेवल्याबद्दल किरकोळ दंड. विधवांच्या हाती काय पडले?

माळरान:
दंड किरकोळच होता, मान्य. पण खाणीतल्या हवेचे मोजमाप कसे होत होते, हे क्रिप्स यांनी उलटतपासणीत चव्हाट्यावर आणले, म्हणून निदान ते नोंदींचे प्रकरण तरी कोर्टात गेले. १९४७ मध्ये खाणी सरकारच्या ताब्यात आल्या, तेव्हा तेच क्रिप्स मंत्रिमंडळात होते. पैशाचे म्हणाल, तर पैसा अनेकांकडे होता. त्यातले किती जण खाणकामगारांच्या बाकावर येऊन बसले?

फौजदारी_ते_दिवाणी:
मी स्वतः वकील, म्हणून थोडे वेगळे सांगतो. १९४२ च्या त्या वाटाघाटींतली माणसे बघा. गांधी आणि नेहरू इनर टेंपलचे, जिना लिंकन्स इनचे, बाबासाहेब ग्रेज इनचे आणि क्रिप्स मिडल टेंपलचे. बॅरिस्टर घडवणाऱ्या लंडनच्या चारही संस्था (इन्स) दिल्लीत समोरासमोर. सगळ्यांना वकिलाची भाषा कळत होती, म्हणूनच मसुद्यातली पळवाट कोणाच्या नजरेतून सुटली नाही. प्रांतांना भारतीय संघाबाहेर राहण्याची मुभा, संरक्षण खाते इंग्रजांच्याच हाती. दलितांच्या हक्कांची खरी हमी त्यात नाही, हे बाबासाहेबांनी तेव्हाच सुनावले.

माझ्या मते क्रिप्स यांची चूक वकिलाला न शोभणारी होती. पक्षकाराने दिलेल्या अधिकाराच्या पुढे जाऊन ते बोलले. काँग्रेसशी बोलताना ‘कॅबिनेट’, म्हणजे खरे मंत्रिमंडळ, हा शब्द वापरून बसले. पक्षकार होते चर्चिल, आणि असे मंत्रिमंडळ देणे चर्चिल आणि व्हाइसरॉय लिनलिथगो यांना मान्यच नव्हते. कोर्टात असे झाले तर तडजोड तिथेच मोडते.

काळाकातळ:
मोडली, इथवर ठीक. पण परतल्यावर खापर कोणावर फोडले? काँग्रेसवर आणि गांधीजींवर. आपल्याच पंतप्रधानाने पाय ओढले, हे त्यांना ठाऊक नव्हते असे मी मानत नाही. तिथे आईचे पत्र कुठे गेले? ज्याला नेहरू मित्र समजत होते, त्याने हे करावे याचा मला आजही राग येतो.

माळरान:
त्या एका गोष्टीवर माझ्याकडे उत्तर नाही. ते चुकलेच.

पण माणूस सार्वजनिक भाषणावर मोजायचा तर घरावरही मोजा. धाकटी मुलगी पेगी. गोल्ड कोस्टच्या (आजचा घाना) जो अप्पिया यांच्याशी तिचे जमले. तेही मिडल टेंपलचेच बॅरिस्टर. क्रिप्स एप्रिल १९५२ मध्ये झुरिकला वारले. त्याच वर्षी नाताळच्या सुमारास पेगी एकटी गोल्ड कोस्टला जाऊन सासरची माणसे पाहून आली आणि जुलै १९५३ मध्ये लंडनला लग्न झाले. गोरी मुलगी आणि काळा नवरा, म्हणून वर्तमानपत्रांनी रान उठवले, दक्षिण आफ्रिकेत तर गहजब. इसोबेलबाई मुलीच्या पाठीशी राहिल्या. ज्या घरात मुलगी असे पाऊल उचलू शकते, ते घर कोणी घडवले?

काळाकातळ:
इथेच तुमची गफलत होते. पेगीचे श्रेय पेगीला द्या ना! १९६१ मध्ये घानाचे अध्यक्ष एन्क्रुमा यांनी नवऱ्याला तुरुंगात टाकले, तेव्हा घानातल्या कुमासी शहरात मुलांना घेऊन ती राहिली. तिथल्या लोककथांतल्या अनान्सी कोळ्याच्या गोष्टी तिने मुलांसाठी लिहिल्या, तिथल्या अकान भाषेतल्या हजारो म्हणी जमवायला हातभार लावला. नवरा १९९० मध्ये गेल्यावरही ती इंग्लंडला परतली नाही. २००६ मध्ये कुमासीतच गेली. यात सर स्टॅफर्ड कुठे आहेत?

फौजदारी_ते_दिवाणी:
श्रेय तिचेच. पण थेरेसाबाईंचे नाव या घरात पुसले गेले नाही, एवढे मी नोंदवतो. क्रिप्स यांनी एका मुलीचे नाव थेरेसा ठेवले होते.