नसीम हमीदला हरवण्यात बरेराचं श्रेय किती?

रिंगसाइड
७ एप्रिल २००१, लास व्हेगासचं एमजीएम ग्रँड. ३५ लढती, ३५ विजय, त्यातले ३१ नॉकआउट. एवढी शिदोरी घेऊन शेफील्डचा बॉक्सर नसीम हमीद उतरला आणि मेक्सिकोच्या मार्को अँटोनिओ बरेराने त्याला बारा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. तेव्हापासून एकच पालुपद चालू आहे: हमीद म्हणजे नुसती हवा होती, त्याला हरवलं यात काय मोठंसं? मला हे साफ नामंजूर आहे.

हवा केली होती, हे खरंच. वरच्या दोरावरून कोलांटी मारून रिंगमध्ये येणं, बिबट्याच्या ठिपक्यांची चड्डी, प्रतिस्पर्ध्याला चिडवणं. पण फाजील कौतुक झालं म्हणून खेळाडू खोटा ठरत नाही. त्याने हरवलेले स्टीव्ह रॉबिन्सन, टॉम जॉन्सन, विल्फ्रेडो वास्केझ, सेझार सोटो ही पडीक नावं नव्हेत. बरेरा १२२ पौंडांच्या वजनगटातून १२६ मध्ये आलेला, आदल्याच वर्षी एरिक मोरालेसकडून हरलेला. सट्टेबाजारही हमीदच्या बाजूने होता. आणि निकाल लागल्यावर आपण म्हणायचं की हे तर होणारच होतं?

तिसरीफेरी
होणारच होतं, कारण खुणा आधीपासून दिसत होत्या. १९९६ मध्ये डॅनियल अलिसियाने पहिल्याच फेरीत पाडलं. डिसेंबर १९९७ मध्ये न्यूयॉर्कला केव्हिन केलीने तीनदा पाडलं. ऑगस्ट २००० मध्ये ऑगी सांचेझने अडचणीत आणलं. तिन्ही वेळा दोष तोच: हात कमरेशी, हनुवटी वर, आणि ठोसा चुकवायचा तो पाय न हलवता कमरेतून मागे झुकून. तरुणपणी डोळा आणि कंबर तेज असते तोवर हे खपतं.

त्यात ज्याने त्याला लहानपणापासून घडवलं त्या ब्रेंडन इंगलशी १९९८ मध्येच फाटलेलं. सांचेझच्या लढतीत हात दुखावला, शस्त्रक्रिया झाली, वजन वाढलं. मग बरेच महिने रिंगबाहेर राहून थेट बरेरासमोर. अशा हमीदला हरवणं हा चांगला विजय आहे, थोर नाही. बरेराचं मोठेपण मोरालेसच्या तीन लढतींत शोधा. तिथे समोरचा पूर्ण तयारीत होता.

अनघा_प
भेग दिसणं वेगळं आणि बारा फेऱ्या तिच्यातून आत शिरत राहणं वेगळं. तुमचीच तीन नावं घ्या. अलिसिया दुसऱ्या फेरीत संपला, केली चौथ्या, सांचेझही चौथ्या. तिघांनी हमीदला अडचणीत आणलं आणि तिघेही नॉकआउट झाले. काम संपवायला ते पुढे धावले, हातांच्या टप्प्यात उभे राहिले, आणि त्याचा डावा हात त्यांना सापडेल तिथून लागला.

बरेराने नेमकं काय केलं ते पाहा. हमीद डावखुरा, म्हणजे घातक हात डावा. उजव्या हाताच्या खेळाडूने त्याच्यासमोर आपला डावा पाय त्याच्या पुढच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवायचा आणि आपल्या डावीकडे फिरत राहायचं. त्या डाव्या हातापासून लांबही राहता येतं आणि आपला सरळ उजवा ठोसा त्याच्या दोन हातांच्या मधून जातो. हे पुस्तकातलंच आहे, पण पाय एकदा आत आला की मार बसतो, म्हणून छत्तीस मिनिटं ते पाळणं अवघड.

दुसरं म्हणजे डावा हुक, बाजूने वळवून मारलेला ठोसा. हमीद मागे झुकला की पहिला जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) हवेत जातो, पण तेव्हा त्याचं सगळं वजन मागच्या पायावर असतं आणि लगेच पुन्हा सरकता येत नाही. बरेरा जॅब फक्त अंतर मोजायला टाकायचा आणि मागोमाग हुक. पहिल्याच फेरीत तो लागला.

आणि हे करणारा माणूस तोवर अंगावर जाऊन खेळणारा म्हणून प्रसिद्ध होता. त्याने स्वतःची सवयच बाजूला ठेवली. हमीद उडी मारून आला की तो मागे सरायचा, ठोसा चुकला की मारायचा, आणि मागे धावायचा नाही. श्रेय कशाला द्यायचं विचाराल तर याला.

डावापाय
गुणपत्रिका सांगतो, म्हणजे 'निसटता विजय' हे तरी कोणी म्हणणार नाही. ११५–११२, ११५–११२, ११६–१११. बाराव्या फेरीत हमीदचं तोंड कोपऱ्यातल्या गादीवर आपटल्याबद्दल पंच जो कॉर्टेझने बरेराचा एक गुण कापला होता. तो परत जोडा: दोन परीक्षकांच्या मते बरेराच्या ८–४ फेऱ्या, तिसऱ्याच्या मते ९–३.

(ते आपटणं मात्र निषेधार्ह होतं. जिंकलेल्या लढतीत त्याची काहीही गरज नव्हती.)

तिसरीफेरी
अनघाताई, डावखुऱ्यासाठीची ही युक्ती इतकी पक्की होती, तर नोव्हेंबर २००३ मध्ये सॅन अँटोनिओला मॅनी पॅकियाओसमोर ती कुठे गेली? तोही डावखुरा. अकराव्या फेरीत बरेराच्या कोपऱ्यातल्या त्याच्याच माणसांनी लढत थांबवली. युक्ती तीच, माणूस तोच. म्हणजे २००१ चा निकाल हमीदच्या उणिवांनी ठरवला, असाच अर्थ निघतो.

अनघा_प
नाही निघत. पॅकियाओ आत येतो तो दोन्ही पाय जमिनीवर ठेवून. ठोसे मारून झाले की कोन बदलून बाहेर पडतो आणि पुन्हा तोल सावरून उभा असतो. बाहेरचा पाय मिळवायला बरेरा सरकेपर्यंत पॅकियाओ दुसऱ्या जागी गेलेला असायचा. हमीद उडी मारायचा, म्हणजे हवेत असताना दिशा बदलणं अशक्य आणि उतरताना पाय एका रेषेत. प्रत्येक डावखुऱ्याला एकच औषध लागू पडत नाही. बरेराने या माणसासाठी नेमकी योजना आखली, हाच तर माझा मुद्दा.

मांडवीकाठ
आपल्याकडचं उदाहरण घेऊ. मार्च २०२१, पणजी, मॅजेस्टिक प्राइड जहाजाची गच्ची. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये १२–० (बारा विजय, एकही हार नाही) असलेल्या विजेंदर सिंगला रशियाच्या आर्तिश लोप्सानने पाचव्या फेरीत हरवलं. विजेंदर नोव्हेंबर २०१९ नंतर पहिल्यांदाच उतरला होता आणि लोप्सान सहा फूट चार इंच, त्याच्याहून बराच उंच. इथे मी तिसरीफेरीच्या बाजूने: गंजलेल्या माणसाला हरवल्याचं श्रेय थोडं कमीच धरावं.

रिंगसाइड
तुलना जमत नाही. विजेंदर तेव्हा पस्तिशीत होता, हमीद सत्तावीस वर्षांचा. बरेराही सत्तावीसचाच. हमीदचा हात आणि वजन मोजायचं तर बरेराचं चार पौंड वर येणंही मोजा.

तिसरीफेरी
वय मान्य. पण मग पुढचं सांगा. हमीद त्यानंतर एकदाच खेळला, मे २००२ मध्ये मॅन्युएल काल्व्होविरुद्ध, आणि गुणांवर जिंकूनही परत आला नाही. ज्याची भूकच संपत आली होती त्याला हरवलं, असं मी म्हणतो. बरेराची योजना सुंदर होती, पण ती १९९७ च्या हमीदसमोर चालली असती का?

अनघा_प
१९९७ मध्येच केलीने त्याला तीनदा पाडलं होतं ना? तेव्हाच्या हमीदसमोर उभा राहून मारत बसला नसता, तर केलीच जिंकला असता.