मदत हवी आहे: टी-पेशींच्या मॉडेलमध्ये मृत्युदर आणि विभाजनदर वेगळे कसे करायचे?

नमस्कार मंडळी,

इम्युनॉलॉजी किंवा गणिती जीवशास्त्रातलं कुणी इथे असेल तर मदत हवी आहे. मी गणिताची विद्यार्थिनी. परळच्या एका प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीच्या डेटावर मॉडेल बसवते आहे. रक्तदात्यांच्या टी-पेशींना (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना) ती ट्यूबरक्युलिनचे, म्हणजे क्षयाच्या जंतूंपासून काढलेल्या पीपीडी या अर्काचे, चढते डोस देते. पेशी आधी सीएफएसई या चमकणाऱ्या रंगाने रंगवलेल्या असतात. दर विभाजनाला चमक निम्मी होते, त्यामुळे एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर प्रत्येक पिढीचा उंचवटा वेगळा दिसतो.

डोस वाढला की प्रतिसाद, म्हणजे विभाजन झालेल्या पेशींची संख्या, वाढतो, पण एका टप्प्यानंतर उतरतो. याची मी दोन मॉडेलं केली. एकात जास्त अँटिजेनने (पेशींना चेतवणाऱ्या पदार्थाने, इथे पीपीडीने) उत्तेजित पेशी लवकर मरतात, दुसऱ्यात निगेटिव्ह फीडबॅकमुळे, म्हणजे पेशी स्वतःलाच आवर घालतात म्हणून, विभाजन मंदावतं. दोन्ही सारखीच छान बसतात! डेटा मात्र फक्त पाचव्या दिवसाचा आहे.

प्रत्येक पिढीतली संख्या त्या पिढीइतक्या वेळा निम्मी करून बेरीज केली, तर मूळ किती पेशी होत्या ते निघतं. कुणीच मेलं नाही तर ही बेरीज रोज तेवढीच राहायला हवी. ती घसरली तर मृत्यू धरावा लागेल. म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही मोजावं असं मला वाटतं. हे पुरेल का? मृत पेशींचा रंगही वापरता येईल, पण मेलेल्या पेशी लवकरच विरघळून जातात, तो रंग फक्त त्या क्षणीच्या दाखवतो.

पेशी अँटिजेन कसं ओळखते याचं कायनेटिक प्रूफरीडिंग नावाचं मॉडेल त्यात घालायचा सल्लाही मिळाला. मॅककिथन या संशोधकाची १९९५ची ही कल्पना फार सुंदर आहे. पेप्टाइड (अँटिजेनच्या प्रथिनाचा तुकडा) सुटायच्या आत त्याला धरणाऱ्या पेशीवरच्या रिसेप्टरला एकामागून एक पायऱ्या पूर्ण कराव्या लागतात. पाच पायऱ्या आणि प्रत्येकीचा वेग सेकंदाला १ धरला, तर सुटण्याचा दर सेकंदाला ०.१ असताना यशाची शक्यता सुमारे ६२ टक्के येते, दर १ असताना जेमतेम ३. पण पीपीडी म्हणजे अनेक प्रथिनांचं मिश्रण. सगळ्यांसाठी एकच दर धरणं मला पटत नाही.

आणखी एक. आपल्याकडे बहुतेकांना जन्मतःच बीसीजी दिलेली असते, क्षयाच्या जंतूंशी संपर्कही होतो. त्यामुळे सुरुवातीच्या स्मृतिपेशी (हे जंतू आधी ओळखलेल्या टी-पेशी) दात्यागणिक बदलतात. ते मी मॉडेलमध्ये रँडम इफेक्ट, म्हणजे दात्यागणिक यादृच्छिक बदलणारी राशी, म्हणून घेतलंय. कंट्रोलसाठी, म्हणजे बीसीजी आणि संपर्काआधीच्या पेशींशी तुलना करायला, नवजात बाळाच्या नाळेचं रक्त चालेल का?

पुढचे नमुने येण्याआधी मोजायचे दिवस ठरवायचे आहेत. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.