शून्य ऊर्जा शीतकक्ष: जतची मोजमापं मालीत उपयोगी पडतील का?

कोरडी_हवा (सांगली)
एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष चालू आहे. पुढे आफ्रिकेतल्या माली, बुर्किना फासो, नायजर या साहेल पट्ट्यात भाजीपाला विजेशिवाय टिकवण्याच्या तंत्रावर काम करायची मनापासून इच्छा आहे. नायजेरियाच्या मोहम्मद बाह अब्बा यांच्या मडक्यात-मडकं शीतकाला (दोन मडक्यांमधल्या ओल्या वाळूतलं पाणी उडतं आणि आतला माल गार राहतो) २००० साली रोलेक्स पुरस्कार मिळाला, त्याबद्दल वाचल्यापासून ही ओढ लागली. एप्रिल-मेमध्ये जतला विटांचा शीतकक्ष बांधून नोंदी घ्यायचं ठरवतोय. इथल्या नोंदींना तिकडे काही अर्थ राहील का? आणि बांधताना काय सांभाळू?

माती_विटा
जत निवडलंस ते उत्तम केलंस. हा कक्ष मुळात दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतला, १९८० च्या दशकातला. तळ १६५ × ११५ सेंमी, भिंती ६७.५ सेंमी उंच, दुहेरी भिंतीत ७.५ सेंमी फट आणि फटीत ओली वाळू. माल साधारण १०० किलो मावतो. विटा चारशेच्या आसपास लागतील, वाळू पाव घनमीटर.

विटा पाणी पिणाऱ्या हव्यात. भट्टीवरच विटेवर चार थेंब टाकून बघ. लगेच जिरले तर घे, थेंब तसेच उभे राहिले तर ती खंगर (जास्त भाजलेली), ती नको. सिमेंट वापरू नकोस, विटा सुक्या किंवा मातीत लाव. लोक हमखास चुकतात ते इथं: कक्ष नीटनेटका दिसावा म्हणून बाहेरून गिलावा करतात. गिलावा झाला की भिंतीतून बाष्प बाहेर पडायचं थांबतं आणि हाती उरतो नुसता हौद.

वाळू चाळून, धुऊन घे. क्रशसँडमधली भुकटी राहिली तर वरचा थर चिखलासारखा बसतो, पाणी खाली उतरत नाही आणि भिंतीचा खालचा भाग कोरडाच राहतो. पाण्यासाठी पिंप मीटरभर उंचीवर ठेव आणि ठिबकची नळी फटीवरून चारी बाजूंनी फिरव. बोअरचं पाणी खारं असेल तर ड्रिपर चोंदतात आणि विटांवर पांढरी साय धरते. आठवड्याला नळी झटकून घे, भिंत ताराच्या ब्रशनं घास.

वर उसाच्या पाचटाचं छप्पर घाल, पण चारी बाजू मोकळ्या ठेव. बंद खोलीत बांधलास तर हवा दमट होत जाते आणि थंडावा थांबतो. झाकणाला बांबूच्या चौकटीवर ओलं किलतान (गोणपाट) पुरे.

ओला_पारा
अर्थ राहील, पण नुसतं 'आत इतके अंश कमी झाले' असं लिहून नाही. आतलं तापमान ओल्या पाऱ्याच्या (थर्मामीटरच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळलं की दिसतं त्या तापमानाच्या) खाली जाऊ शकत नाही, म्हणून सगळं त्याच्या तुलनेत मांड. ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रतेला ओला पारा २१ च्या आसपास असतो. आत २५ मिळाले तर ३८ वजा २५ भागिले ३८ वजा २१, म्हणजे १३/१७, शक्य थंडाव्याच्या साधारण ७६ टक्के. हा आकडा जतहून मालीतल्या बामाकोला नेता येतो, '१३ अंश' नेता येत नाही. श्रावणात २८ अंश आणि ८५ टक्क्यांना ओला पारा २६ वर असतो. दोन अंशांसाठी पाणी वाहून आणण्यात अर्थ नाही. ४० टक्क्यांच्या खाली आर्द्रता आणि २५ च्या वर तापमान, एवढं असेल तिथंच हे तंत्र लावावं.

तापमानाला महागडं काही नको; डीएस१८बी२० (DS18B20) हे जलरोधक डिजिटल सेन्सर पुरतात. ते अर्ध्या अंशानं इकडेतिकडे असू शकतात, म्हणून आधी सगळे एकाच बर्फपाण्याच्या पेल्यात बुडवून प्रत्येकाचा फरक लिहून ठेव. आर्द्रतेचा सेन्सर बाहेर सावलीत लाव. आत हवा जवळजवळ संपृक्त असते, सेन्सरवर दव धरतं आणि तो १०० वरच अडकून बसतो. दर १० मिनिटांनी नोंद घे. भिंत जड असल्यामुळे आतलं तापमान हळू हलतं, म्हणून दुपारचा कमाल आकडा आणि दिवसाची सरासरी वेगवेगळी दे.

पाणी रोज लिटरमध्ये मोज. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता नेतं. ५० किलो टोमॅटो १२ अंशांनी थंड करायला जवळपास तेवढीच लागते. प्रत्यक्षात खर्च कितीतरी जास्त येतो, कारण बाहेरची उष्णता दिवसभर आत शिरत असते. टँकरवर चालणाऱ्या गावात निर्णय याच आकड्यावर होतो.

भाजी_बाजार
मालाचा मुद्दा राहिला. मेथी, कोथिंबीर, वांगी, भेंडी, टोमॅटो ठेव. कांदा, लसूण, हळद, बेदाणा चुकूनही नको, त्यांना कोरडं लागतं, आत ठेवले तर बुरशी धरते किंवा कोंब फुटतात. त्याच तोडणीचा तेवढाच माल घरात क्रेटमध्ये ठेव आणि दोन्हींचं वजन रोज सकाळी एकाच वेळी कर. वजनातली घट शेतकऱ्याला लगेच कळते, अंश कळत नाहीत. तोडणी पहाटेची हवी. दुपारचा तापलेला माल भरलास तर पहिला दिवस तो निवण्यातच जातो.

मालीत अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या डी-लॅबनं वर्ल्ड व्हेजिटेबल सेंटरबरोबर असेच विटांचे आणि मडक्यांचे शीतक तपासले आहेत. त्यांचे अहवाल खुले आहेत, नोंदींचे रकाने त्यांच्यासारखेच ठेव म्हणजे तुलना सोपी जाईल. फ्रेंच आतापासून शिकायला घे, त्या पट्ट्यात कागदपत्रं बहुतेक फ्रेंचमध्येच भेटतात.

कोरडी_हवा
सगळ्यांचे आभार. एक शंका: पैसे एकाच कक्षापुरते आहेत. कक्ष बांधू की आठ-दहा मडकी करू?

माती_विटा
मडकी. एका कक्षातून एकच आकडा मिळेल. कुंभाराकडून झिलई नसलेल्या मडक्यांच्या सहा जोड्या घे, मधली फट ३ सेंमी ठेव. तीन जोड्यांना दिवसातून एकदा पाणी घाल, तीनांना दोनदा. माणसं पाणी घालायचं विसरतात तेव्हा काय होतं, हे मालीतल्या लोकांनाही हवंच आहे.