नळाच्या पाण्याची तपासणी नक्की कोणकोणती करावी?

मदत हवी आहे. आमची वस्ती लहान, टाकी एकच. हल्ली सकाळची पहिली बादली पिवळसर येते, तळाशी तांबूस गाळ बसतो. थोडं वाहू दिलं की पाणी नितळ. गंजक्या पाइपचा प्रताप असावा, त्याची एवढी धास्ती नाही. पण नितळ पाण्यात जंतू नसतीलच असं थोडंच आहे? शेजारी टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बुडवून ‘पाणी एकदम बेस्ट’ सांगत फिरतायत, त्या यंत्राला जंतू कळतच नाहीत!

नळाशी शिल्लक क्लोरीन (जंतू मारायला घातलेल्यातला उरलेला) लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. तो घरी मोजायला क्लोरोस्कोप पुरेल का? ई-कोलायसाठी (विष्ठेतून पाण्यात येणारा जंतू) निर्जंतुक बाटलीतला नमुना प्रयोगशाळेत किती तासांत पोचवायचा? नायट्रेट (खतं, सांडपाण्यातून पाण्यात उतरणारा क्षार) उकळून जात नाही, म्हणून तेही सोबतच तपासून घ्यावं का? अनुभव असेल त्यांनी सांगा.