अकरावीच्या पालकांची मीटिंग: सोसायटी ग्रुप

सुलभाताई, बी-४०३: नमस्कार. रविवारी सकाळी ११ ला क्लब हाऊसमध्ये अकरावीच्या मुलांच्या पालकांची मीटिंग आहे हे सगळ्यांना सांगून झालं होतं. आत्ता खाली नोटीस बघितली तर त्याच वेळेला बारसं. मागच्या वेळेस हळदीकुंकू आडवं आलं, त्याच्या आधी योगाचा वर्ग. मुलांची वार्षिक परीक्षा संपली, एप्रिलपासून बारावीचे क्लास सुरू. आता नाही तर मीटिंग घ्यायची कधी?

सेक्रेटरी, सी-१०१: ताई, बारशाचं बुकिंग पैसे भरून झालेलं आहे. तुमच्या मीटिंगची रजिस्टरला नोंद नाही. तोंडी सांगितलेलं धरायचं नाही हे मागच्या एजीएमला सर्वानुमते ठरलं आहे.

सुलभाताई, बी-४०३: ठरलंय खरं. गणपतीच्या मीटिंगची नोंद मात्र कधी रजिस्टरला दिसली नाही.

नेहा, ए-१०२: ताई, बारसं आमच्याकडचं आहे 🙏 मला खरंच माहीत नव्हतं. ४ नंतर हॉल मोकळा आहे. आणि तुम्ही सगळ्यांनी जेवायलाच यायचंय.

सुलभाताई, बी-४०३: नेहा, तुझ्यावर राग नाही गं. बाळाला आशीर्वाद. मग ५ ला ठेवू.

ए-६०२: टँकर आला का?

कदम काका, सी-२०२: सर्वांना नमस्कार. गेल्या आठवड्यात टाकलेली माहिती पुन्हा टाकतो. ज्यांना राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा आहे त्यांनी जात पडताळणीचा, म्हणजे जातीचा दाखला समितीकडून तपासून घेण्याचा, अर्ज आत्ताच, ज्युनियर कॉलेजच्या पत्रासह भरावा. सीईटीचा (राज्याच्या प्रवेश परीक्षेचा) निकाल लागल्यावर नाही. तहसीलमध्ये नोकरी केली आहे, दर जूनला पालकांना रांगेत रडताना बघितलं आहे.

आर्यनचे बाबा, बी-५०१: काका, बारावीला अजून वर्ष आहे. मुलांना जरा श्वास घेऊ द्या की. अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष असं आम्ही तरी ऐकलं होतं 😄

तन्मय, ए-३०४: काका, आरामाचं वर्ष म्हणूनच आमच्या बॅचच्या निम्म्या मुलांची वाट लागली. राज्याच्या सीईटीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स तिन्हींचे ५० प्रश्न असतात, त्यातले साधारण १० अकरावीचे. मॅथ्सचा प्रश्न २ मार्कांचा. एकूण २०० पैकी ४० मार्क अकरावीचे झाले. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून हे ४० सोडणं परवडत नाही. जेईई आणि नीटमध्ये तर अकरावी-बारावी असा भेदच नाही, दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम सारखाच येतो.

आर्यनचे बाबा, बी-५०१: आर्यन इंटिग्रेटेडला आहे, कॉलेज आणि क्लास एकत्रच, तिथे सगळं करून घेतात.

मीनलताई, ए-४०१: फी बघता करून घ्यायलाच हवं म्हणा.

आर्यनचे बाबा, बी-५०१: मीनलताई, फी आम्ही भरतो, सोसायटी नाही.

मीनलताई, ए-४०१: मी सहज म्हटलं. तुम्ही मनावर घेताय.

ए-६०२: टँकरचं कुणी सांगेल का?

वॉचमन ऑफिस: सर टँकर १ वाजता येनार.

श्रेयाची आई, बी-२०१: काका, आमचं मूळ गाव सातारा जिल्ह्यात. आम्ही पुण्यात १८ वर्षं आहोत. श्रेयाचा जातीचा दाखला इथे निघेल का? सेतूवाला एक सांगतो, कॉलेजमधले दुसरं सांगतात.

कदम काका, सी-२०२: नाही. मानीव दिनांकाला, म्हणजे त्या प्रवर्गासाठी सरकारने धरलेल्या तारखेला, कुटुंब जिथे राहत होतं त्या जिल्ह्यातून दाखला निघतो आणि पडताळणीही तिथल्याच समितीकडे होते. ओबीसीसाठी तो दिनांक १३ ऑक्टोबर १९६७. एससीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. त्या तारखेच्या आधीचा पुरावा शोधा. आजोबा-पणजोबांचा शाळेचा निर्गम उतारा, जन्ममृत्यूची नोंद, जुनं खरेदीखत. वडिलांकडच्या रक्तनात्यात कुणाची व्हॅलिडिटी (पडताळणीचं प्रमाणपत्र) झाली असेल, म्हणजे काका, आत्या, चुलत भावंडं, तर ती आधी मिळवा. निम्मं काम होतं.

श्रेयाची आई, बी-२०१: मोठ्या दिरांच्या मुलाची झाली आहे! पण त्यांच्याशी जरा बोलणं बंद आहे.

मीनलताई, ए-४०१: मग तूच फोन कर. श्रेयाच्या ॲडमिशनपुढे भांडण मोठं आहे का?

कुलकर्णी, सी-४०४: हे सगळं चालू द्या. आमच्यासारख्या ओपनवाल्यांना या मीटिंगचा काही उपयोग नाही. मोठ्याला ९७ पर्सेंटाइल होते, हवी ती ब्रँच मिळाली नाही. बाकीच्यांना किती वर मिळाली ते लिहीत नाही.

श्रेयाची आई, बी-२०१: कुलकर्णी भाऊ, माझी मुलगी पहाटे ५ ला उठून अभ्यास करते. तुमच्या खिडकीतून तिचा दिवा दिसतो.

कुलकर्णी, सी-४०४: मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

श्रेयाची आई, बी-२०१: घ्यायची गरजही नव्हती.

बी-५०३: हा मेसेज डिलीट करण्यात आला.

सेक्रेटरी, सी-१०१: कृपया ग्रुपवर आरक्षणाची चर्चा नको. ॲडमिन म्हणून सांगतो.

कदम काका, सी-२०२: कुलकर्णी साहेब, तुम्हीच यायला हवं. धाकटीचं लिव्हिंग सर्टिफिकेट काढून बघा, जन्मस्थळ आणि राष्ट्रीयत्व नीट लिहिलंय का. चूक असली तर दुरुस्तीला वेळ जातो. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटकाचं आरक्षण) आहे, ते ओपनसाठीच असतं. शिवाय टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीची योजना: प्रत्येक ब्रँचला ५ टक्के जादा जागा, ट्यूशन फी माफ, प्रवर्ग कोणताही चालतो, उत्पन्नाची मर्यादा तीच ८ लाख. त्याचा चॉइस कोड वेगळा असतो, फॉर्ममध्ये वेगळा भरावा लागतो. किती तरी लोक तो भरतच नाहीत.

कुलकर्णी, सी-४०४: टीएफडब्ल्यूएसचं आम्हाला मोठ्याच्या वेळी कुणी सांगितलं नाही.

कदम काका, सी-२०२: म्हणून तर दर आठवड्याला टाकतो. जात पडताळणीचा अर्ज आत्ताच, कॉलेजच्या पत्रासह.

आर्यनचे बाबा, बी-५०१: काका, हे आता पाठ झालं 😄

कदम काका, सी-२०२: पाठ झालं, पण अर्ज भरला का?

आर्यनचे बाबा, बी-५०१: ...उद्या कॉलेजात जातो.

ए-२०३: मुलींना सगळी फी माफ झाली ना? पेपरात आलं होतं. आमच्या सईचं टेन्शनच नाही मग.

तन्मय, ए-३०४: काकू, सरसकट नाही. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षण) आणि ईडब्ल्यूएस मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमाची ट्यूशन आणि परीक्षा फी माफ. तेही कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर नाही. हॉस्टेल, मेस वेगळं.

ए-२०३: अरे बापरे. बरं झालं सांगितलंस रे बाळा.

रोहितची मावशी, सी-३०३: आमच्या ताईचा मुलगा न्यू जर्सीला अकरावीत आहे, त्याला तिकडे ज्युनियर म्हणतात. शाळेतच काउन्सेलर असतो, तो सगळं बघतो. इकडे आपल्याला ग्रुपवर विचारावं लागतं.

मीनलताई, ए-४०१: आपल्याकडे कदम काका आहेत की. फी पण घेत नाहीत.

आसावरी, बी-३०३: आम्ही बंगळुरूहून मागच्या वर्षी आलो. मुलाची दहावी तिकडची आहे. त्याला मेडिकल हवंय.

कदम काका, सी-२०२: मेडिकलच्या राज्य कोट्याला सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात, शिवाय डोमिसाइल (राज्याच्या रहिवासाचा दाखला). काही अपवाद आहेत, ते तुम्हाला लागू होतात का ते बघावं लागेल. नाही झाले तर १५ टक्के ऑल इंडिया कोट्याचा विचार आत्तापासून ठेवा. रविवारी मला वेगळं भेटा, हे ग्रुपवर सुटणार नाही.

आसावरी, बी-३०३: हे आम्हाला शिफ्ट होताना कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मुलगा रात्री २ पर्यंत नीटचे पेपर सोडवतोय.

सुलभाताई, बी-४०३: आसावरी, ये नक्की. मी चहा घेऊन बसते तुझ्याबरोबर.

तन्मय, ए-३०४: अजून एक, मग क्लासला पळतो. २०२५ च्या कॅपला नियम बदलला. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला की तोच घ्यावा लागतो, पुढच्या फेरीत जाता येत नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी मिळाला तरी तसंच, तिसरीत पहिल्या सहापैकी. माझ्या मित्राने जवळचं कॉलेज म्हणून गंमत म्हणून एक नंबरला टाकलं, तेच मिळालं आणि तो अडकला. पुढच्या वर्षी नियम पुन्हा बदलू शकतात, माहितीपुस्तिका वाचल्याशिवाय यादी भरू नका. आणि बोर्डाकडे दुर्लक्ष करू नका. इंजिनीयरिंगला पीसीएममध्ये ओपनला ४५ टक्के, राखीवला ४० लागतात. आयआयटी-एनआयटी हवं असेल तर बारावीला ७५ टक्के (एससी-एसटीला ६५) किंवा बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये.

सुलभाताई, बी-४०३: तन्मय, रविवारी तू बोल. मुलं आमचं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील.

तन्मय, ए-३०४: येतो काकू. पण मुलांना पण आणा, नुसते आईबाबा नकोत.

ए-६०२: टँकर आला, पण प्रेशर नाही.

सेक्रेटरी, सी-१०१: पाण्यासाठी मेंटेनन्सचा वेगळा ग्रुप आहे.

कदम काका, सी-२०२: जेईई-नीटवाल्यांसाठी: ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमी लेयर (कुटुंब उन्नत गटात मोडत नाही असा) दाखला वेगळा असतो, ईडब्ल्यूएसचाही. प्रवेशाच्या वर्षी १ एप्रिलनंतर काढलेला लागतो. राज्याचा दाखला तिथे चालत नाही. तो आत्ता काढू नका, वाया जाईल. आत्ता फक्त व्हॅलिडिटी.

श्रेयाची आई, बी-२०१: काका, दिरांना फोन केला. आधी गप्प होते, मग म्हणाले, पोरीसाठी देतो. व्हॅलिडिटीची झेरॉक्स पाठवतायत. शिवाय त्यांच्याकडे पणजोबांची कोतवाल बुकातली (गावाच्या जुन्या जन्ममृत्यू नोंदवहीतली) नोंद आहे, पण मोडीत आहे. चालेल का?

कदम काका, सी-२०२: चालेल. अधिकृत मोडी वाचकाकडून लिप्यंतर करून घ्यावं लागेल. मूळ कागद लॅमिनेट करू नका आणि नोंदीची प्रमाणित प्रत तहसीलमधून काढा. पत्ता मी देतो.