विषय: शनिवारची सहल आणि ब्लूजची मिरवणूक

गुरुवार, १३ जून २०१९, सकाळी ९:१५

मंडळी, नमस्कार.

काल रात्री दहाच्या सुमारास आमच्या गल्लीत दिवाळी होती. आपल्या सेंट लुईस ब्लूज या आइस हॉकी संघाने बॉस्टनमध्ये जाऊन फायनलचा सातवा, निर्णायक सामना ४-१ असा जिंकला आणि स्टॅनले कप, म्हणजे लीगचा करंडक, आपल्या गावात येतोय. आनंद आहेच, पण विजयाची मिरवणूक शनिवारी दुपारी बाराला मार्केट स्ट्रीटवर आहे. नेमकी आपल्या सहलीची वेळ. सकाळपासून अकरा घरांतून फोन आले की मुलं ऐकत नाहीत. पार्कातली शेड दिवसभरासाठी घेतलेली आहे, पैसे परत मिळणार नाहीत. काय करायचं ते संध्याकाळपर्यंत कळवा.

अनघा (सचिव)

सकाळी ९:५२

अनघाताई,

मी पहाटे चारला उठून बसलोय. ट्रेंट ब्रिजला भारत-न्यूझीलंड, वर्ल्ड कपचा सामना. टॉससुद्धा झाला नाही, पाऊस पाऊस आणि पाऊस. तीन कप चहा झाला आणि आता हे मेल. सहल एप्रिलमध्ये ठरली होती. ज्या खेळात चेंडू कुठे आहे ते दिसत नाही आणि मारामारी केली तर पाच मिनिटं बाकावर बसवतात, त्यासाठी मंडळाने कार्यक्रम हलवायचा? जानेवारीत हाच संघ तळाला होता असं मुलगा सांगतो. लागला असेल मटका एकदाचा.

भाऊ

सकाळी ११:३०

भाऊ,

पावसाचा राग ब्लूजवर काढू नका. आणि चेंडू नाही, पक. रबराची चपटी चकती असते ती.

मटका म्हणालात म्हणून लिहायला बसलो. १९६७ साली लीगने एकदम सहा नवे संघ घेतले, त्यातला हा एक. सहाही एकाच गटात टाकले होते, त्यामुळे त्यातला एक फायनलला जाणारच. १९६८, ६९, ७० अशी तिन्ही वर्षं आपलेच गेले आणि दर वेळी चारच्या चार सामने हरून आले. बारापैकी बारा! सत्तर साली हरवणारे बॉस्टनच. त्यानंतर फायनलचं तोंड पाहिलं ते थेट यंदा. मी ८६ पासून इथे आहे. ‘पुढच्या वर्षी’ हे शब्द या गावात ‘गुड मॉर्निंग’सारखे ऐकले.

यंदाचं सांगतो. नोव्हेंबरात कोच काढला आणि क्रेग बेरूबे यांना हंगामी म्हणून बसवलं. डिसेंबरात सरावात आपलेच दोघे, बोर्टुझो आणि सॅनफोर्ड, हातमोजे फेकून एकमेकांना भिडले. ३ जानेवारीच्या सकाळी ३७ सामन्यांत ३४ गुण, ३१ संघांत ३१वे. त्याच रात्रीची दोन तिकिटं मला ऑफिसातल्या एकाने फुकट दिली, कारण त्यालाच जायचं नव्हतं. काचेला लागून जागा. मी माकडटोपी घालून, ही शाल घेऊन. समोर कुणी फळीवर आदळला की गुडघ्यापर्यंत हादरा यायचा. मध्यंतरात ते बर्फ गुळगुळीत करणाऱ्या झांबोनी यंत्राचं धूड बर्फावर पाणी सोडत फिरायला लागलं तेव्हा ही म्हणाली, “अहो, हा तर सडा घालतोय.” आणि आदल्या वर्षीचे विजेते वॉशिंग्टनवाले त्या रात्री चक्क हरून गेले.

चारच दिवसांनी जॉर्डन बिनिंग्टन हा गोली, म्हणजे गोलरक्षक, पहिल्यांदा सुरुवातीपासून उभा राहिला, फिलाडेल्फियाला, आणि एकही गोल जाऊ दिला नाही. ३-० जिंकलो. पंचविशीचा पोरगा. २०११ साली निवडलेला आणि तेव्हापासून खालच्या लीगमध्ये पडून. आधीच्या हंगामात तर याला उसना दिला होता, तोही बॉस्टनच्याच दुय्यम संघाला! काल त्याच बॉस्टनचे ३२ फटके त्याने अडवले.

म्हणून मटका म्हणू नका. चुलीचा एक दगड सरकला की वरचं काहीच नीट शिजत नाही, तसं होतं ते. गोल मारणारे ओरायली आणि टारासेंको जानेवारीच्या आधीही होतेच, बचावातला पिएट्रँजेलोही होता. गोल खाल्ले जात होते म्हणून बचाव घाबरायचा, बचाव घाबरला की आणखी गोल. गोली भक्कम झाल्यावर पुढच्यांना पुढे जायचं धाडस आलं. पुढे सलग अकरा सामने जिंकले. हंगाम संपला तेव्हा ९९ गुण.

प्लेऑफचं, म्हणजे बाद फेरीचं, सगळं सांगत बसत नाही. पण डॅलसविरुद्धचा सातवा सामना दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये, म्हणजे जादा वेळात, पॅट मरूनने संपवला, आणि तो इथलाच, सेंट लुईसचा. सॅन होजेने एका सामन्यात हाताने पक ढकलून गोल केला आणि पंचांना दिसलं नाही. त्या रात्री मी मराठीत काय काय बोललो ते या मेलच्या यादीवर लिहिण्यासारखं नाही. फायनलच्या दुसऱ्या सामन्यात आपल्या गुन्नारसनचा फटका खांबाला लागला. ओव्हरटाइमआधी स्वच्छतागृहात कोच भेटले तर हा म्हणे, मला आणखी एक संधी हवी. गेला आणि गोल मारला. फायनलमधला आपला पहिला विजय, ५१ वर्षांनी!

कालच्या पहिल्या भागात बॉस्टनचे फटके १२, आपले ४, आणि गोल आपले २. दुसरा तर वेळ संपायला आठ सेकंद राहिली असताना. चौथा गोल कुणाचा? सॅनफोर्डचा. डिसेंबरात मोजे फेकणारा तोच.

नाना

दुपारी १२:०५

मला या यादीतून काढा. तिसऱ्यांदा सांगतोय.

दुपारी १२:४०

नाना, मेल वाचून वरण करपलं.

रविवारी वटपौर्णिमा आहे, त्यामुळे सहल त्या दिवशी ढकलू नका, आम्हा निम्म्या जणींचा उपास. शिवाय रविवारी भारत-पाकिस्तान आहे, पुरुषमंडळी तशीही उठून यायची नाहीत. साठ कणसं घेऊन ठेवलीत, शनिवारच्या पुढे ती गोड राहणार नाहीत.

सुधावहिनी

दुपारी ४:२०

मंडळी,

ठरलं. सहल शनिवारीच, शेड तीच, पण दुपारी बाराऐवजी संध्याकाळी पाचला. मिरवणूक पाहून थेट यायचं. गावात गाडी नेऊ नका, पार्किंगची आशाच नाही. मेट्रोलिंक ट्रेनने जा आणि मुलांच्या खिशात फोन नंबर लिहून ठेवा. कणसांची शेगडी नानांकडे. ढोल-ताशावाल्यांनी ‘मिरवणुकीत वाजवायचं का’ असं विचारलं आहे. नाही, परवानगी लागते. पार्कात वाजवा.

अनघा

रात्री ९:०८

अनघाताई, मुलगा म्हणाला, नानांनी काय लिहिलंय ते वाचून दाखव. दाखवलं. शनिवारी आम्ही तिघे मिरवणुकीला येतोय.

नाना, एक शंका. माझ्याकडे निळा शर्ट एकच आहे आणि त्याच्यावर ‘इंडिया’ लिहिलंय. चालेल का?

भाऊ

रात्री ९:११

पळेल. पण रविवारी पहाटे पुन्हा लागेल, तेव्हा त्याच्यावर चटणी सांडू नका.

नाना